जहाज टौरंगाला, गीझर रोटोरुआला

प्रश्न: आम्ही मडगावचे चौघं न्यूझीलंडच्या क्रूझवर चाललोय, जहाज टौरंगाला एकच दिवस थांबणार, तर प्रायव्हेट गाडी करून रोटोरुआचे गीझर (जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे) बघता येतील का? सोबत सत्तरीची आई आहे.

उत्तर: जा की बिनधास्त! साधारण तासाभराचा रस्ता, चौघांत गाडी परवडते आणि आईंना दमल्यावर बसता येतं. वाय-ओ-टापू या गरम झऱ्यांच्या ठिकाणचा लेडी नॉक्स गीझर रोज सव्वादहाला साबण टाकून उडवतात, पण ते रोटोरुआच्याही पुढे अर्धा तास, म्हणजे जहाज उशिरा लागलं तर गेलंच ते, आणि खरं सांगायचं तर साबणाचा फेस बघायला एवढी धावपळ कशाला? त्यापेक्षा रोटोरुआतच ‘ते पुईया’ नावाचं ठिकाण आहे तिथे जा, तिथला पोहुतू गीझर आपला आपणच दिवसातून कितीतरी वेळा उडतो, कधीकधी ३० मीटरपर्यंत, शिवाय उकळता चिखलही दिसतो. गंधकाचा वास मात्र कुजक्या अंड्यासारखा, सुक्या बांगड्याची सवय असली तरी नाक मुरडाल. कठड्याबाहेर पाय नको, जमीन पातळ असते. परत यायला दोन तास हातात ठेवा, स्वतः गाडी करून गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.