पहिला धडा कडब्याचा

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मी उदगीरला पशुवैद्यकीय शिकतो. इथिओपियातल्या शेतकऱ्यांना, विद्यार्थ्यांना ऑनलाइन मार्गदर्शन करायचंय. सुरुवात कशानं करू?
– एक विद्यार्थी, अहमदपूर

उत्तर : बाळा, कडब्यापासून कर. तिकडंही ज्वारी पिकते, कोरड्या दिवसांत गुरांना धाटांचाच आधार. हा कडबा जास्त पौष्टिक करायला 100 किलो कोरड्या कुट्टीला, म्हणजे कडब्याच्या बारीक तुकड्यांना, 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा. मग 21 दिवस हवाबंद. लहान वासरांना हे द्यायचं नाही, अन् युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागता कामा नये, हे सगळ्यात आधी सांग. शेळ्यांचं म्हणशील तर आपली उस्मानाबादी शेळी जुळी देते, पण तिचा आग्रह नको. त्यांच्या शेळ्या त्यांच्या रानाला सरावलेल्या आहेत. पहिल्या बैठकीत तू कमीच बोल. पाणी किती लांब, शेळ्या कोण राखतं, हे तिथल्या बायांना विचार.