चामड्याचं पहिलं पाकीट शिवायच्या आधी

तीस-चाळीस हत्यारांचा स्वस्त संच घेऊ नका. मी घेतला होता, त्यातली निम्मी धारच धरत नव्हती. चांगलं कटर, स्टीलची पट्टी, आरी (चामडं टोचायचं टोकदार हत्यार), बोथट टोकाच्या दोन सुया, मेणाचा दोरा आणि भोकं पाडायला ४ मिमी अंतराची दातेरी छिन्नी, एवढ्यावर वर्ष निघतं.

चामडं मात्र हातात धरून घ्या. धारावीत गेलात तर 'व्हेज टॅन' मागा, म्हणजे झाडांच्या साली-फळांत कमावलेलं. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, मऊ आणि स्वस्त, पण त्याची कड पाणी लावून घासली तरी चकाकत नाही, ठसाही नीट उठत नाही. कार्डांच्या पाकिटाला १.२ ते १.५ मिमी जाडी पुरे. पट्ट्याला ३ मिमी तरी हवी.

आता शिलाई. दोरा शिवणीच्या चौपट घ्या, दोन्ही टोकांना सुई. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जातात, त्यामुळे एखादा टाका तुटला तरी सगळी ओळ उसवत नाही. आधी कुठली सुई, हा क्रम शेवटपर्यंत तोच ठेवा. मी चहाला उठलो आणि परत येऊन उलटा धरला. त्या पाकिटाचे अर्धे टाके तिरके, अर्धे सरळ! दुसरी सुई घालताना पहिला दोरा बाजूला ओढून धरा, नाहीतर तोच टोचला जातो.

झालं की फोटो दाखवा, पण मागच्या टाक्यांचा आणि कडेचा, अगदी जवळून. चूक तिथेच सापडते.