शेल्टरमधून एकच पाळीव उंदीर दत्तक मिळेल का?

सहसा नाही, ब्रिटन-अमेरिकेतली बरीच शेल्टरं उंदीर जोडीनेच देतात, कारण तो कळपात राहणारा प्राणी आहे आणि एकटा पडला की मलूल होतो. मी अमेरिकेत एका शेल्टरमध्ये स्वयंसेवक आहे, त्या अनुभवावरून सांगतो. दोन माद्या किंवा दोन नर घ्या. नर-मादी एकत्र आले तर जेमतेम 21 ते 23 दिवसांत पिल्लं होतात आणि शेल्टरं पुन्हा भरतात. निवडताना कानाजवळ धरून श्वास ऐका, घरघर नको. डोळ्यांभोवती लालसर डाग दिसला तर ते रक्त नसून पॉर्फिरिन, म्हणजे उंदराच्या डोळ्यांतून पाझरणारं लालसर द्रव्य असतं. मात्र तो सारखा येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. तुमच्याकडे आधीच उंदीर असतील तर जोडीदार गेलेला एखादा म्हातारा उंदीर एकटाही मिळू शकतो, आणि अशांना घराची फार गरज असते.