तिकिटापेक्षा आठ मिनिटं जास्त आणि १०० पाउंडांचं पत्र: काय करायचं

ताई, आधी एक सांगतो: घाबरून आज रात्री ६० पाउंड भरून टाकू नका. तुमची बाजू भक्कम आहे, आणि ती तुम्हीच दिलेल्या वेळांमधून दिसते आहे.

मागाहून वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमधला एक रिटेल पार्क, पैसे भरून गाडी लावायची. शनिवार, ७ तारीख. गेटवरच्या कॅमेऱ्यात गाडी ११:०२ ला आत आणि १:१६ ला बाहेर. मशीनवर दोन तासांचं तिकीट काढलं ते ११:०८ ला, म्हणजे १:०८ पर्यंतचं. कंपनीचं म्हणणं, पैसे दोन तासांचे भरलेत आणि थांबलात २ तास १४ मिनिटं. १०० पाउंड द्या, १४ दिवसांत दिलेत तर ६०. पत्रावर तारीख २०, शुक्रवार. आणि ताईंची काळजी अशी की भरले नाहीत तर व्हिसाला, पुढे आयएलआरला (इथे कायम राहण्याच्या परवानगीला) अडचण येईल का.

हे पत्र काउन्सिलचं नाही, पोलिसांचंही नाही. खासगी कंपनी म्हणते आहे की तुम्ही आमच्या पाटीवरच्या अटी मोडल्या, म्हणून करारानुसार पैसे द्या. हा गुन्हा नाही. कोर्टाने निकाल देईपर्यंत ही फक्त एका कंपनीची मागणी आहे. पत्रांची मांडणी मात्र मुद्दाम सरकारी नोटिशीसारखी केलेली असते, आणि नवीन आलेली आपली माणसं त्यालाच बळी पडतात. याची मला खरोखर चीड येते, कारण व्हिसावर असलेला माणूस भांडायलाच घाबरतो आणि हातात तिकीट असूनही पैसे भरून मोकळा होतो.

आता वेळांकडे या. कॅमेरा गेटवर आहे. तो गाडी आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ टिपतो. गाडी उभी किती वेळ होती हे त्याला कळतच नाही. जागा शोधणं, पाटी वाचणं, मशीनपुढच्या रांगेत उभं राहणं, परतताना मुलाला सीटमध्ये बसवणं, बाहेर पडायच्या रांगेत अडकणं, हे सगळं त्या १४ मिनिटांत आलं. बीपीए आणि आयपीसी या पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटना आहेत. त्यांची एकत्रित नियमावली १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे आणि तिच्यात दोन वेगळ्या मुदती दिल्या आहेत. आत आल्यावर पाटी वाचून थांबायचं की नाही हे ठरवायला साधारणपणे किमान ५ मिनिटं. हा कन्सिडरेशन पीरियड. आणि भरलेली वेळ संपल्यावर बाहेर पडायला किमान १० मिनिटं. हा ग्रेस पीरियड.

इथे बरेच जण ५ आणि १० ची बेरीज करून '१५ मिनिटं माझ्या हक्काची' असं लिहितात. तसं लिहू नका. कंपनी लगेच उत्तर देते की पहिली मुदत न थांबता निघून जाणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही तर थांबलात. आणि मग सगळा वाद त्या बेरजेवरच अडून राहतो. तुम्हाला बेरजेची गरजही नाही. तिकीट १:०८ ला संपलं, गाडी १:१६ ला गेटबाहेर. आठ मिनिटं. ती दहाच्या आत आहेत, विषय संपला.

मग ते सुरुवातीच्या ६ मिनिटांकडे वळतील, 'पाच मिनिटांत पैसे भरले नाहीत' म्हणून. काही कंपन्यांनी असा पाच मिनिटांचा नियमच करून ठेवला होता. डर्बीत एका तरुणीवर त्यावरून तब्बल १,९०६ पाउंडांचा दावा झाला आणि देशभर ओरड झाली. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमावलीत बदल झाला: कॅमेऱ्यावर चालणाऱ्या पार्किंगमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तरी बाहेर पडण्याआधी पैसे भरले असतील तर त्या कारणासाठी पैसे मागायचे नाहीत. तुम्ही ११:०८ ला भरलेत. तिकिटाचा फोटो आणि बँकेच्या स्टेटमेंटमधली ती ओळ दोन्ही जपून ठेवा. मशीनचं तिकीट उन्हात महिन्याभरात पांढरं पडतं.

दुसरा मुद्दा पत्राच्या तारखेचा, आणि तो माझ्या मते याहून मोठा आहे. गाडी चालवणारा कोण हे कंपनीला माहीत नसतं. ती डीव्हीएलए या वाहन नोंदणीच्या सरकारी संस्थेकडून २.५० पाउंडांत गाडीच्या नोंदणीधारकाचं नाव-पत्ता घेते आणि त्याला पत्र पाठवते. चालकाऐवजी नोंदणीधारकाकडून पैसे वसूल करण्याचा अधिकार तिला २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने मिळतो, पण अटींसह. काचेवर नोटीस लावलेली नसेल, तर पत्र पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांत पोचलं पाहिजे. नुसतं छापून झालेलं किंवा पोस्टात पडलेलं चालत नाही, ते पोचायला हवं. आणि पोस्टात टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी ते पोचलं असं कायदा धरतो. तुमचा चौदावा दिवस शनिवार, २१ तारीख. पत्र शुक्रवारी २० ला निघालं असेल, तर ते मंगळवारी २४ ला पोचलं असं धरलं जाईल. उशीर झाला. आता नोंदणीधारकाला जबाबदार धरता येत नाही, त्यांना चालकच शोधावा लागेल.

म्हणूनच, गाडी कोण चालवत होतं हे कुठेही लिहू नका. कंपनीच्या वेबसाइटवर दाद मागताना 'तुम्ही चालक होता का' असा रकाना येतो, तिथे 'नोंदणीधारक' निवडा. 'मी गाडी लावली', 'मी परत आले' अशी वाक्यं टाळा, 'गाडी लावली होती' असं लिहा. यात खोटं काही नाही. खासगी कंपनीला चालकाचं नाव सांगायचं कायदेशीर बंधन तुमच्यावर नाही. (हे इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडमध्ये हे परिशिष्ट लागूच नाही. रेल्वे स्टेशन आणि विमानतळांवर स्वतंत्र उपविधी असले की तिथेही ते लागू होत नाही.)

पत्र इंग्रजीत जाईल, पण मजकूर एवढाच हवा: 'मी या गाडीची नोंदणीधारक आहे. तुमचं पत्र कायद्याच्या मुदतीत पोचलेलं नाही, त्यामुळे माझ्यावर जबाबदारी येत नाही. शिवाय तिकीट १:०८ पर्यंतचं होतं, गाडी १:१६ ला बाहेर पडली. हे तुमच्याच नियमावलीतल्या १० मिनिटांच्या आत आहे. मागणी रद्द करा, नाहीतर स्वतंत्र अपिलाचा तपशील पाठवा.' मूल रडत होतं, सासूबाईंचे गुडघे दुखत होते, हे सगळं खरं असलं तरी लिहू नका. सहानुभूती मिळत नाही, उलट बोलता बोलता चालक कोण ते उघड होतं.

'१४ मिनिटांसाठी १०० पाउंड म्हणजे लूट' हा मुद्दाही नको. तो २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टातच निकाली निघाला. बीव्हिस खटल्यात चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये दोन तासांवर ५६ मिनिटं जास्त झाली होती, आणि ८५ पाउंडांची मागणी कोर्टाने योग्य ठरवली. रक्कम जास्त आहे असं म्हणून कोणी सुटत नाही. सुटका होते ती वेळ, पाटी आणि नोटीस यांतल्या चुकांवर.

त्याच दिवशी रिटेल पार्क सांभाळणाऱ्या कंपनीला आणि जिथे खरेदी केलीत त्या दुकानाच्या मॅनेजरला पावतीसह मेल टाका. पुष्कळ पत्रं इथेच रद्द होतात, कारण दुकानाला गिऱ्हाईक गमवायचं नसतं.

कंपनीने नकार दिला, तर ती बीपीएची सभासद असल्यास पोप्ला या स्वतंत्र अपील सेवेकडे २८ दिवसांत फुकट अपील करता येतं. तिथला निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. आयपीसीची सभासद असल्यास अपील आयएएस या आयपीसीच्या अपील सेवेकडे जातं. तिथे मला फारशी आशा नसते. सवलतीचं म्हणाल तर १४ दिवसांच्या आत दाद मागितलीत की नकारासोबत ६० पाउंडांची संधी सहसा पुन्हा मिळते. पोप्लाकडे गेलात की ती जाते. तुमच्या जागी मी असतो तर गेलोच असतो.

आता व्हिसा. या पत्राचा व्हिसा देणाऱ्या होम ऑफिसशी काही संबंध नाही. वसुलीवाल्यांची लाल अक्षरातली पत्रं येतील, त्यात आणखी ७० पाउंड चढवलेले असतील. ती माणसं बेलिफ (कोर्टाच्या हुकमाने जप्ती करणारे) नाहीत, दारात येऊन काही उचलून नेऊ शकत नाहीत. पण 'लेटर बिफोर क्लेम' (दावा लावण्याआधीची नोटीस) आलं तर ३० दिवसांत उत्तर द्या, आणि कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर एक दिवसही वाया घालवू नका. तो मिळाल्यापासून १४ दिवसांत पोच दिलीत की बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. गप्प बसलात तर एकतर्फी निकाल लागतो, आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं नोंदीत राहतो. मग मॉर्गेज अडतं, आणि नागरिकत्वाच्या अर्जातही दिवाणी निकालांबद्दल विचारतात.

आपल्या लोकांचं नुकसान नेमकं इथे होतं. भाड्याचं घर बदलतं, लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) पत्ता जुनाच राहतो, पत्रं तिकडे जातात आणि निकाल लागल्याचं थेट बँकेत कळतं. तुम्ही उन्हाळ्यात स्लाउला राहायला जाणार असं लिहिलंय. गेल्या गेल्या डीव्हीएलएकडे पत्ता बदला, आणि या कंपनीलाही नवा पत्ता लेखी कळवा.

अपील पाठवलंत की पोच मिळाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. नकार आलाच, तर नाव, गाडीचा नंबर आणि पोप्लाचा कोड झाकून ते पत्र इथे टाका; पुढचे मुद्दे मी त्यावरून लिहून देतो.