फ्रेडी मर्क्युरीने १९८५ साली स्वतःचा अल्बम काढला, तेव्हा त्याने ‘क्वीन’ सोडले होते का? मग त्याचा एकट्याचा दौरा का झाला नाही?

नाही, ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बॅण्डचा हा मुख्य गायक बॅण्ड सोडून गेला नव्हता. ‘मिस्टर बॅड गाय’ हा त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम २९ एप्रिल १९८५ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा तो आपल्या तिन्ही साथीदारांसह ऑस्ट्रेलियात बॅण्डच्या दौऱ्यावर होता. एप्रिलमध्ये न्यूझीलंड, मग ऑस्ट्रेलिया आणि मे महिन्यात जपान असा तो क्रम होता. म्हणजे ज्या काळात एखादा गायक आपल्या नव्या अल्बमसाठी गावोगाव फिरला असता, त्याच काळात हा गृहस्थ बॅण्डची गाणी गात फिरत होता. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडे मागे जावे लागते.

‘क्वीन’ हा मुळात दौऱ्यांवर घडलेला बॅण्ड होता. १९७३ च्या अखेरीस ‘मॉट द हूपल’ या तेव्हा अधिक नावाजलेल्या बॅण्डच्या आधी वाजवण्याचे काम त्यांना मिळाले आणि १९७४ च्या वसंतात त्याच बॅण्डबरोबर ते प्रथम अमेरिकेत गेले. तो दौरा मे महिन्यात अर्ध्यावर तुटला, कारण गिटारवादक ब्रायन मे याला हिपॅटायटिस झाला. पुढच्याच वर्षी जपानमध्ये मात्र त्यांचे असे स्वागत झाले, की मायदेशी अजून धडपडणाऱ्या या चौघांना आपण कोण झालो आहोत हे तिथे कळले असावे. सप्टेंबर १९७६ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांनी विनामूल्य मैफल केली, तिला दीड लाखाच्या आसपास माणसे आली होती. मार्च १९८१ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलोच्या मोरुम्बी स्टेडियमवर तर पहिल्याच रात्री सुमारे १,३१,००० प्रेक्षक होते. दक्षिण अमेरिकेतल्या त्या दौऱ्यात इंग्रजी ही ज्यांची भाषा नव्हती असे हजारो लोक एक संथ प्रेमगीत शब्दन् शब्द म्हणत होते आणि फ्रेडी गाणे थांबवून त्यांच्याकडे नुसते ऐकत उभा राहत होता. मला त्याच्या गायकीइतकेच त्याचे हे थांबणे मोठे वाटते.

१९८२ चे वर्ष त्या मानाने जड गेले. नृत्यसंगीताकडे झुकलेला त्यांचा नवा अल्बम जुन्या श्रोत्यांना रुचला नाही आणि सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसजवळ झालेली मैफल फ्रेडीची अमेरिकेतली बॅण्डबरोबरची शेवटची मैफल ठरली. तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते, हे अर्थातच खरे. त्या वर्षीच्या एका गमतीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही : युरोपच्या दौऱ्यात कीबोर्ड वाजवायला त्यांनी ज्याला बरोबर घेतले, तो मॉर्गन फिशर एकेकाळी ‘मॉट द हूपल’चाच वादक होता. अमेरिका आणि जपानमध्ये ती जागा फ्रेड मँडेल याने घेतली आणि हाच मँडेल पुढे फ्रेडीच्या अल्बमवर वाजवताना आढळतो.

१९८३ मध्ये बॅण्डने एकही दौरा केला नाही. ढोलवादक रॉजर टेलर याचा स्वतःचा अल्बम १९८१ मध्येच येऊन गेला होता, ब्रायन मे याचेही स्वतंत्र काम १९८३ मध्ये आले; म्हणजे या वाटेने जाणारा फ्रेडी हा पहिला नव्हे, तिसरा. फ्रेडीच्या अल्बमचे ध्वनिमुद्रण जर्मनीतील म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत झाले आणि बॅण्डबरोबर आधीपासून काम करणारा संगीतनिर्माता माक हाच त्याचा सहनिर्माता होता. काम सलग झाले नाही. मध्ये बॅण्डचा नवा अल्बम झाला, त्याच्या दौऱ्यात ऑक्टोबर १९८४ मधील दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीच्या मैफली आल्या (वर्णभेदामुळे त्या देशावर सांस्कृतिक बहिष्कार असताना तिथे गेल्याबद्दल बॅण्डवर रास्त टीका झाली आणि फ्रेडीचा घसा बसल्याने त्यांतल्या काही रद्दही झाल्या), नंतर जानेवारी १९८५ मध्ये रिओ द जानेरोचा महोत्सव आला. हा अल्बम दौऱ्यांच्या फटींमध्ये तयार झाला, असेच म्हणावे लागेल.

अल्बम काढला तोही दुसऱ्या ध्वनिमुद्रिका कंपनीकडून. ‘क्वीन’ ब्रिटनमध्ये ईएमआयकडे होते, हा सीबीएसने काढला. अल्बमच्या वेष्टनावर त्याने साथीदारांचे ‘ढवळाढवळ न केल्याबद्दल’ आभार मानले आहेत आणि अर्पणपत्रिकेत आपल्या जेरी नावाच्या मांजराला पहिला मान दिला आहे. ब्रिटनमध्ये अल्बम सहाव्या क्रमांकापर्यंत चढला, अमेरिकेत मात्र पहिल्या शंभरातही आला नाही.

आता दौऱ्याविषयी. फ्रेडीने आयुष्यात एकट्याचा दौरा कधीच केला नाही. याचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर म्हणजे ‘वेळ नव्हता’. ते मला अपुरे वाटते, कारण जपानहून परतल्यावर, मे १९८५ नंतर, बॅण्डपुढे कोणताही दौरा ठरलेला नव्हता. त्याने मनात आणले असते तर दोन-तीन महिने सहज काढता आले असते. माझे मत असे, की स्टुडिओत त्याला एकटेपणाचा मोकळेपणा हवा होता, पण रंगमंच ही त्याच्या लेखी चौघांची सामाईक मालमत्ता होती. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, म्हणजे तो फारुख बलसारा (हे त्याचे मूळ नाव) असताना, मित्रांनी काढलेल्या ‘द हेक्टिक्स’ या बॅण्डमध्येही तो पियानो वाजवत असे आणि मुख्य गायक दुसराच मुलगा होता. त्यावरून फार मोठा सिद्धान्त मांडू नये, हे खरे. परंतु पुढे चौघांच्या बॅण्डमध्ये इतका उठून दिसणारा हा माणूस संघातला खेळाडू म्हणूनच वाढला होता, एवढे म्हणता येते.

याचा मला सर्वांत पटणारा पुरावा म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेली १३ जुलै १९८५ ची ‘लाइव्ह एड’ मैफल. त्याचा स्वतःचा अल्बम दुकानांत येऊन जेमतेम अडीच महिने झाले होते, जगभर दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपण होते, हातात वीस मिनिटे होती आणि त्यातले एक मिनिटही त्याने स्वतःच्या गाण्याला दिले नाही. पुढच्या वर्षी युरोपात २६ मैफलींचा दौरा झाला, तो ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे संपला आणि त्यानंतर फ्रेडी बॅण्डबरोबर पुन्हा दौऱ्यावर गेला नाही. १९८७ मध्ये त्याच्या एड्सच्या आजाराचे निदान झाले आणि २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो गेला.

अल्बमचे खरे यश त्याच्या मृत्यूनंतरचे आहे. त्यातल्या ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ची नव्याने बांधलेली आवृत्ती १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ या गाण्यातला त्याचा आवाज तसाच ठेवून उरलेल्या तिघांनी त्याला आपली वाद्ये जोडली आणि १९९५ च्या ‘क्वीन’च्या अल्बममध्ये ते घेतले. आपल्याला सवड असेल तर हे गाणे १९८५ च्या आणि १९९५ च्या रूपात लागोपाठ ऐकून पाहावे. गायक तोच, आवाजही तोच आहे. पहिल्यात तो सिंथेसायझरच्या गुळगुळीत फरशीवर एकटा नाचतो, दुसऱ्यात त्याच्या मागे गिटार आणि ड्रम दणाणत येतात. मला स्वतःला दुसरे अधिक आवडते, पण पहिले ऐकल्याशिवाय दुसऱ्यात काय भर पडली ते कळत नाही.