स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये ४० नंबरची नळी वापरली, म्हणजे माझं पोट मोठं राहिलं का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सात आठवड्यांपूर्वी स्लीव्ह झाली, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून ते नळीसारखं अरुंद केलं, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ११२ वरून १०० वर आलं, गेले बारा दिवस काटा जागचा हलत नाही. त्यात डिस्चार्जच्या कागदावर ‘बूजी ४० फ्रेंच’ असं दिसलं, नेटवर सगळीकडे ३२ ते ३६ वाचलं आणि झोप उडाली. सासूबाई म्हणतात पैसे पाण्यात गेले. आणि आता तुम्ही विचारताय की परत ऑपरेशन करून पोट बारीक करून घेता येईल का.

माझ्या कागदावरही ४०च होतं. मी डॉक्टर नाही, सांगलीत प्राथमिक शाळेत शिकवते. फेब्रुवारी २०२२ मध्ये माझी स्लीव्ह झाली तेव्हा वजन १०८ होतं, उंची १५८. दीड वर्षात ७६ वर आले, आज ८० वर आहे. त्या ४०च्या आकड्यापायी मी स्वतःचं जे नुकसान करून घेतलं ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहिते आहे.

आधी हा आकडा मोजतो काय ते सांगते. ऑपरेशनमध्ये तोंडावाटे एक मऊ नळी, म्हणजेच ती बूजी, जठरात सोडतात, ती जठराच्या आतल्या आखूड बाजूला टेकवून ठेवतात आणि सर्जन तिच्या कडेकडेने स्टेपलर चालवत वर जातात. बाहेरचा फुगीर भाग, म्हणजे जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग, कापून निघतो. मग नळी ओढून बाहेर काढतात. वहीत समास आखताना आपण पट्टी ठेवतो ना, तेवढंच त्या नळीचं काम. पट्टी तीच असली तरी पेन्सिल तिला चिकटून चालवली की जरा लांबून, यावर रेघ कुठे पडणार ते ठरतं. सर्जनच्या हाताचंही तसंच आहे. शिवाय कापायला सुरुवात जठराच्या खालच्या दारापासून दोन सेंटिमीटरवर केली की सहावर, वरचा घुमटासारखा भाग पूर्ण काढला की थोडा राहिला, स्टेपलच्या रेघेवर वरून टाके घातले की नाही, या सगळ्यावर उरलेल्या पोटाचा आकार ठरतो. कागदावर मात्र एकच आकडा येतो आणि आपण त्यालाच धरून बसतो.

आणि हा आकडा आहे तरी केवढा? फ्रेंच हे माप पॅरिसच्या शारिएर नावाच्या उपकरणं बनवणाऱ्या कारागिराचं, १८४२ सालचं. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर व्यास. तुमची नळी १३.३ मिलिमीटरची. ३६ वाली १२ मिलिमीटरची. फरक १.३ मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या एका दाण्याएवढा. मला हे कळलं त्या दिवशी मी फोडणीच्या डब्यातून मोहरी काढून तळहातावर ठेवली आणि कितीतरी वेळ बघत बसले.

तुम्ही ३२ ते ३६ वाचलंत ते खोटं नाही. २०१२ मध्ये स्लीव्हमधल्या अनुभवी सर्जनच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तेवढं माप सुचवलं होतं. पण २०१३ मध्ये सुमारे १० हजार शस्त्रक्रियांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा दिसलं की ४० किंवा त्याहून जाड नळी वापरली तर स्टेपलच्या रेघेतून गळती होण्याचं प्रमाण कमी, आणि वजन उतरण्यात तीन वर्षांपर्यंत फरक नाही. नंतरच्या काही अभ्यासांनी वजनाच्या बाबतीत बारीक नळीला थोडं झुकतं माप दिलं आहे, हेही सांगायला हवं. पण गळती म्हणजे काय, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना विचारा. स्लीव्हमध्ये खालचं दार शाबूत राहतं, त्यामुळे त्या अरुंद नळकांड्यात दाब जास्त असतो. ते जितकं आवळलेलं तितका दाब वाढतो, आणि वर अन्ननलिकेजवळची शिवण उसवायची भीती असते. तुमच्या सर्जननी ४० घेतली ती पोट मोठं ठेवायला नव्हे. तुमच्या सुखरूपतेचा विचार त्यात आहे.

हेच ऑपरेशन २००० सालाच्या आसपास एका मोठ्या शस्त्रक्रियेचा फक्त पहिला टप्पा म्हणून होत असे, फार जोखीम असलेल्या रुग्णांसाठी. तेव्हा ६० फ्रेंचची जाडजूड नळी वापरायचे. दुसऱ्या टप्प्याआधीच माणसं चांगली बारीक होताना दिसली, म्हणून तर स्लीव्ह हे स्वतंत्र ऑपरेशन झालं.

मला सगळ्यात जास्त धीर कशाने आला असेल तर फिनलंडमधल्या एका अभ्यासाने. २४० रुग्ण, निम्म्यांची स्लीव्ह, निम्म्यांची जठराची बायपास, म्हणजे वजन कमी करण्याचंच दुसरं ऑपरेशन. स्लीव्हवाल्या सगळ्यांना ३३ ते ३५ फ्रेंचची नळी, म्हणजे तुम्हाला हवी होती तीच. दहा वर्षांनी पाहिलं तर जादा वजनापैकी सरासरी ४३.५ टक्के उतरलेलं होतं. पण माणसागणिक पाहिलं तर कुणाचं २ टक्के, तर कुणाचं १०० टक्क्यांच्याही वर! नळी जवळजवळ एकाच मापाची, आणि निकालात एवढी दरी. मग ती दरी नळीने कशी पडेल?

जादा वजन कसं काढतात तेही सांगते, कारण तुमचे १२ किलो तुम्ही उगाच कमी लेखताय. तुमच्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २५ म्हणजे ६८ किलो. ११२ मधून ६८ वजा केले की ४४ किलो जादा. त्यातले १२ गेले, म्हणजे सात आठवड्यांत पाव हिस्सा तरी गेलाच. मूळ वजनाच्या हिशोबाने दहा टक्क्यांच्या वर. हे कमी नाही. घरातल्या गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, सासूबाईंना तो एकदा आठवून बघायला सांगा.

आता माझी गोष्ट. ऑपरेशन झालेल्या बायकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी होते. तिथे एकीने लिहिलं, ३२ची नळी, दोन महिन्यांत १७ किलो. माझे ११ झाले होते आणि काटा थांबला होता. मी ठरवलं की माझं पोट मोठं ठेवलंय, तर मीच कमी खाऊन भरपाई करीन. पनीर बंद, अंडं बंद. दिवसभर दोन वाट्या ताक आणि रात्री मुगाच्या वरणाचं पाणी. पाणीसुद्धा जपून प्यायचे, कारण पाणी प्यायल्यावर वजन दोनशे ग्रॅमने वाढलेलं दिसायचं. दिवसातून चार वेळा काट्यावर चढायचे. एप्रिल महिना, सांगलीतलं ऊन. नवव्या आठवड्यात वर्गात फळ्यावर तारीख लिहिता लिहिता डोळ्यांपुढे अंधार आला. दुसरीच्या पोरांनी धावत जाऊन शेजारच्या बाईंना बोलावलं. शरीरातलं पाणी आटलं होतं, दोन दिवस सलाइनवर काढले. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती, तिचे पेपर नुकतेच संपले होते आणि ती माझ्या कॉटशेजारी बसून होती. ते मला आजही टोचतं.

त्या १७ किलोवाल्या ताईंचं सुरुवातीचं वजन १५० होतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे त्यांचे ११ टक्के आणि माझे १०. एका टक्क्यासाठी मी सलाइनपर्यंत गेले.

काटा का थांबतो? सुरुवातीला वजन भराभर उतरतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीरात साठवलेल्या साखरेचा, ग्लायकोजेनचा, प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतो. ते साठे रिकामे झाले की पाणीही जातं, आणि पुढे शरीर सावरताना त्यातलं काही परत येतं. आत चरबी घटत असली तरी काटा गप्प राहतो. स्लीव्ह झालेल्या बहुतेकांना हे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एकदा तरी भेटतंच. काटा आठवड्यातून एकदा बघा, ठरावीक वारी, सकाळी. मधल्या दिवसांत तो माळ्यावर ठेवला तर उत्तम.

खाण्याबद्दल मात्र मन लावून ऐका, कारण पुढचा खरा खेळ इथे आहे. रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन, तुमच्या आहारतज्ज्ञांनी सांगितलं असेल तेवढं. ताटात आधी तेच: पनीर, दही, अंडं, मऊ शिजवलेली डाळ, खात असाल तर मासे. जेवताना पाणी नको, पण दिवसभर घोटघोट करून दीड लिटरच्या खाली जाऊ देऊ नका. आणि एक लक्षात घ्या, या पोटात भाकरी अडकते आणि चिवडा सरकतो. चकली, शेव, बिस्किटं, श्रीखंड, आइस्क्रीम हे सगळं विरघळून अलगद खाली जातं, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. माझे ७६चे ८० झाले ते नळीमुळे नाही. दिवाळीपासून रोज चहाबरोबर वाटीभर चिवडा सुरू झाला आणि दोन वर्षं चालला. पहिल्या वर्षी भूक खरंच कमी असते, कारण भुकेची जाणीव करून देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या कापून टाकलेल्या भागात तयार होतं. तेवढ्या काळात सवयी लावून घ्या. लग्नकार्यात आग्रह करणाऱ्यांना ‘डॉक्टरांनी मनाई केलीय’ एवढंच सांगायचं, कारणं देत बसायची नाहीत.

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या चुकवू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात. मूल हवं असेल तर पहिलं वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, त्याबद्दल मोकळेपणाने बोला.

काही गोष्टींत मात्र उत्तराची वाट बघत बसू नका. ताप, नाडी धावणं, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पातळ पदार्थही उलटून पडत असतील तर पोट मध्येच आवळलं गेलंय का ते तपासावं लागतं. उलट्या चालू असताना हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं सुरू झालं तर ती बी-१ ची कमतरता असू शकते, आणि तिच्यात एक दिवससुद्धा दवडायचा नसतो.

परत ऑपरेशन? आत्ता मुळीच नाही. दुसऱ्यांदा केलेल्या ऑपरेशनची जोखीम पहिल्यापेक्षा जास्त असते आणि तुमच्या बाबतीत काही बिघडल्याचं एकही लक्षण तुम्ही लिहिलेलं नाही. पुढेमागे, वर्ष-दीड वर्षाने, नीट खाऊनही वजन उतरलं नाही तर बेरियम पिऊन एक्स-रे किंवा दुर्बिणीने तपासणी करून वरचा घुमट राहिलाय का, पोट ताणलंय का हे पाहता येतं. पुढच्या भेटीत तुमच्या सर्जनना सरळ विचारा, ‘माझ्यासाठी ४० का निवडली?’ मी हे पाच महिन्यांनी विचारलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढून कागदावर चित्र काढून दाखवलं. तो कागद माझ्या फाइलमध्ये अजून आहे.