पाटील किती, नाती किती?
प्रश्न : सासूबाई ठासून सांगतात, स्मिता पाटील ही मुख्यमंत्री शिवाजीराव पाटलांची मुलगी. खरं का हो?

उत्तर : अर्धं खरं! स्मिताच्या वडिलांचं नाव शिवाजीराव पाटीलच आणि तेही मंत्री होते; पण ते शिरपूरचे, धुळे जिल्ह्यातले. १९८५-८६मध्ये मुख्यमंत्री झाले ते शिवाजीराव पाटील निलंगेकर, लातूरकडचे. सासूबाईंना दोष देऊ नका, मीही एकदा हाच घोळ छापता छापता वाचलो. पाटीलकी गावोगावची, म्हणून आडनावही गावोगाव. सांगलीचे वसंतदादा पाटील, जळगावच्या माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील, सगळे पाटीलच. म्हणून काही एका घरचे नव्हेत. यासाठीच तर निलंगेकरांसारखे लोक गावाचं नाव मागे जोडतात.